वातानुकूलन आणि श्वसनयोग्य हवा : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात स्वच्छता व देखभालीचा विचार

प्रस्तावना

वातानुकूलन यंत्रणेच्या देखभालीविषयी जे साहित्य आज सहज हाती पडते, ते बहुतांशी अमेरिकेतील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. तेथील घराच्या तळघरात किंवा माळ्यावर एक भट्टी व एक शीतक यंत्र असते आणि त्यांतील गरम वा थंड हवा पत्र्याच्या वाहिन्यांतून प्रत्येक खोलीत पोहोचते. व्यवहारात ज्यांना डक्ट म्हणतात त्या या वायुवाहिन्या साफ करून देणे हा तेथे एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्या व्यावसायिकांची 'नाडका' ही संघटना १९८९ मध्ये स्थापन झाली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील सर्वसामान्य घरात मात्र भट्टी नसते आणि डक्टही नसतो. शयनगृहाच्या भिंतीवर एक स्प्लिट यंत्र असते आणि उन्हाळ्यापूर्वी मेकॅनिकला बोलावून त्याचे सर्व्हिसिंग केले की देखभाल पूर्ण झाली असे मानले जाते. तेव्हा आपल्या परिसरात नेमके काय साफ करावयाचे, ते साफ केल्याने कोणता लाभ होतो आणि कोणता होत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न आहे. यातील 'होत नाही' हा भाग अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परिसराची हवा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींच्या खोल्यांत कुटुंबे राहू लागली आणि राहत्या जागेतच उद्योगही उभे राहिले. आजही फर्निचर बाजारालगतच्या घरात लाकडाचा भुसा आणि जीन्स शिवणाऱ्या वस्तीत कापसाचे तंतू हवेत असतात. अंबरनाथला मोरिवली व आनंदनगर, बदलापूरला खरवई येथे औद्योगिक क्षेत्रे आहेत आणि त्यांच्या कुंपणापर्यंत आता निवासी इमारती येऊन भिडल्या आहेत. अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. तिच्या काठावर राहणाऱ्यांना हवेच्या गुणवत्तेविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. राष्ट्रीय मानकांची पूर्तता न करणाऱ्या महाराष्ट्रातील शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर अशा महानगरांबरोबर उल्हासनगर व बदलापूर यांचीही नावे होती. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ मायक्रोग्रॅम असावी अशी शिफारस केली. या दोन आकड्यांतील अंतर लक्षात घेता खिडकी बंद करून यंत्र सुरू करण्याकडे नागरिकाचा कल होणे स्वाभाविक आहे. बदलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो हे एक कारण झाले. दुसरे कारण रात्री येणाऱ्या रासायनिक दर्पाचे. अनेक घरांत हे यंत्र गारव्याइतकेच खिडकी लावून घेता यावी म्हणून बसविलेले असते.

स्प्लिट यंत्र हवेचे काय करते

येथे एक मूलभूत गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्प्लिट यंत्राचा एक भाग बाहेर असतो म्हणून ते बाहेरची ताजी हवा आत आणते, अशी समजूत सुशिक्षित वर्गातही आढळते. वस्तुतः दोन भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून केवळ शीतक द्रव्य फिरते. खोलीतील हवा वरून ओढली जाते, थंड कॉइलवरून जाते आणि त्याच खोलीत परत सोडली जाते. दहा बाय बारा फुटांच्या व दहा फूट उंचीच्या खोलीत १,२०० घनफूट हवा असते. दीड टनाचे यंत्र मिनिटाला सुमारे ५०० घनफूट हवा फिरवते असे धरल्यास, तीच हवा तासाभरात पंचविसेक वेळा यंत्रातून जाते. म्हणूनच कॉइलवर जे साचले असेल त्याचा संपर्क खोलीतील प्रत्येक श्वासाशी येतो.

आता याच खोलीत आई, वडील व एक मूल झोपले आहे असे समजू. तिघांच्या उच्छ्वासातून ताशी सुमारे ३५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खोलीचे आकारमान ३४,००० लिटर आहे. दारे-खिडक्या पूर्ण बंद असल्यास दर तासाला या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांमागे सुमारे १,००० भागांनी वाढेल. प्रत्यक्षात फटींतून काही हवा येत-जात असते. तासाला खोलीतील निम्मी हवा बदलते असे मानले तरी हे प्रमाण शेवटी २,५०० च्या आसपास स्थिरावते. बाहेरील हवेत ते सव्वाचारशेच्या घरात असते. या प्रमाणात हा वायू विषारी नाही. परंतु खोलीतील किती हवा आधीच कोणाच्या तरी फुप्फुसांतून आलेली आहे, याचे ते सरळ मोजमाप आहे. सकाळी उठताना जाणवणारा जडपणा पुष्कळदा यामुळे असू शकतो आणि मेकॅनिकने यंत्र कितीही स्वच्छ धुतले तरी या आकड्यात फरक पडत नाही.

जानेवारी २०२० मध्ये चीनमधील ग्वांगझू येथील एका उपाहारगृहात तीन शेजारच्या टेबलांवरील तीन कुटुंबांतील दहा जणांना कोविडचा संसर्ग झाला. त्या दालनात खिडकी नव्हती आणि भिंतीवरील यंत्राचा झोत तिन्ही टेबलांवरून फिरत होता. संशोधकांनी काढलेला अर्थ हवेच्या त्या फेऱ्याशी निगडित होता. आपल्या संगणक-प्रयोगशाळांची रचना आठवून पाहावी.

जाळी, कॉइल आणि तबक

यंत्राच्या पुढील झाकणामागे जी प्लॅस्टिकची जाळी असते तिला आपण फिल्टर म्हणतो. ती कॉइलच्या रक्षणासाठी असते. केस, तंतू आणि जाड धूळ ती अडवते. आरोग्याला घातक असलेले सूक्ष्म कण तिच्यातून निर्वेधपणे पार होतात. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडविणारा हेपा फिल्टर या यंत्रात बसविता येत नाही, कारण यंत्राच्या पंख्यात तेवढ्या दाट थरातून हवा ओढण्याची ताकद नसते. तरीही ही जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी नळाखाली धुऊन सावलीत वाळविणे अगत्याचे आहे. जीन्सच्या वा लाकूडकामाच्या वस्तीत ते दर आठवड्याला करावे लागेल. जाळी तुंबली की हवेचा प्रवाह घटतो, कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळला की भिंतीवरून पाणी ओघळते. अशा वेळी 'गॅस कमी झाला' असे निदान करून गॅस भरला जातो, मूळ कारण मात्र तसेच राहते.

जाळीपेक्षा अधिक दुर्लक्षित असतो तो आतील भाग. कोकणपट्टीच्या दमट हवेतील बाष्प कॉइलवर द्रवरूप होऊन खालच्या तबकात जमते व नळीवाटे बाहेर जाते. ओलावा, अंधार आणि जाळीतून निसटलेली बारीक धूळ एकत्र आली की बुरशीला आवश्यक ते सर्व मिळाले. यंत्र सुरू करताच पहिली काही मिनिटे येणारा कुबट वास हा त्याचाच असतो. सर्व्हिसिंगमध्ये जेट पंपाने कॉइलचा दर्शनी भाग धुतला जातो, पण तिच्यामागील लांब नळकांड्यासारख्या पंख्याच्या पात्यांवर बसलेला काळा थर तसाच राहतो. तो काढण्यासाठी यंत्राचा आतील भाग अधिक उघडावा लागतो आणि ते काम अर्ध्या तासात होत नाही. ग्राहकाने टॉर्च लावून झोताच्या फटीतून ही पाती स्वतः पाहावीत, याहून सोपी परीक्षा नाही. यंत्र बंद करण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे केवळ पंखा चालविल्यास कॉइल बरीचशी सुकते. दूरनियंत्रकावरील 'ड्राय' हे बटण त्यासाठी नाही. ते दाबल्यास कॉम्प्रेसर सुरूच राहतो आणि कॉइल ओलीच राहते. हा शब्द अनेकांची दिशाभूल करतो.

वालधुनीसारख्या सांडपाणी वाहणाऱ्या प्रवाहाच्या काठी आणखी एक अडचण संभवते. कुजणाऱ्या सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याशी संयोग पावून काळे कॉपर सल्फाइड तयार करतो. नळ्यांना सूक्ष्म छिद्रे पडून शीतक वायू पुनःपुन्हा गळू लागतो. घरातील पितळी वा चांदीची भांडी लवकर काळवंडत असतील तर ती पूर्वसूचना समजावी आणि नवीन यंत्र घेताना कॉइलवरील संरक्षक लेपाची चौकशी करावी.

डक्ट जेथे खरोखर आहे

आपल्या परिसरात डक्ट आढळतो तो रुग्णालये, चित्रपटगृहे, मॉल, बँकांच्या शाखा आणि महाविद्यालयांची सभागृहे येथे. शिवाय वातानुकूलित लोकलच्या छतातही तो असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये बदलापूरच्या प्रवाशांनी या गाड्यांविरुद्ध आंदोलन केले तेव्हा वाद भाड्याचा व साध्या फेऱ्या कमी होण्याचा होता. गाडीतील हवेचा विचार त्या गर्दीत कोणाला सुचणे शक्यही नव्हते.

डक्टची साफसफाई उपयुक्त असते का, या प्रश्नाला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेले उत्तर व्यावसायिकांच्या जाहिरातींपेक्षा बरेच संयत आहे. डक्ट साफ केल्याने आजार टळतात असे सिद्ध झालेले नाही. मात्र आत बुरशी स्पष्ट दिसत असल्यास, उंदीर वा कीटकांचा वावर असल्यास किंवा धुळीने वाहिनी तुंबून कण खोलीत पडत असल्यास साफसफाई करावी, असा त्या संस्थेचा अभिप्राय आहे. ठरावीक मुदतीने सरसकट सफाई करण्याची शिफारस ती करीत नाही. सभागृहाच्या छतातील जाळीभोवती काळे पट्टे दिसले म्हणजे डक्ट घाण आहे, असाही निष्कर्ष काढू नये. वेगाने बाहेर पडणारा थंड झोत खोलीतीलच धूळ आपल्याकडे ओढतो आणि ती गार पृष्ठभागावर चिकटते. निर्णय घेण्यापूर्वी आत कॅमेरा घालून पाहणे हाच योग्य मार्ग होय.

काम करावयाचे ठरले तर ते कसे होते हे संस्थेच्या खरेदी समितीला माहीत असावे. प्रथम यंत्रणा बंद करून सर्व जाळ्या झाकल्या जातात. डक्टच्या एका टोकास हेपा फिल्टर असलेले मोठे शोषक यंत्र जोडून आत ऋण दाब निर्माण केला जातो, म्हणजे सुटलेली धूळ दालनात न येता यंत्राकडेच जाते. मग दुसऱ्या टोकाकडून फिरता ब्रश किंवा दाबाखालील हवेचे चाबूक आत सरकवून धूळ मोकळी करतात. जीआय पत्र्याच्या डक्टला हे चालते. आतून काचतंतूंचे अस्तर असलेला डक्ट ब्रशने फाटतो आणि ते अस्तर भिजून बुरशी धरली असेल तर बदलण्यावाचून गत्यंतर नसते. एअर हँडलिंग युनिटमधील कॉइल, पंखा व तबक साफ न करता केवळ डक्ट साफ केला तर खर्च वाया जातो, कारण घाण तेथूनच येते. जाळी काढून हातभर आत साधा व्हॅक्यूम क्लीनर फिरविणे याला डक्ट-सफाई म्हणता येणार नाही. निविदेत या बाबी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. सफाई करणाऱ्या कामगाराच्या तोंडावर साध्या रुमालाऐवजी योग्य मुखपट्टी असावी, हेही लिहावे. ही अट आपल्याकडे जवळजवळ कोणी घालत नाही.

जेथे पाण्यावर चालणारे कूलिंग टॉवर आहेत तेथे धोक्याचे स्वरूप निराळे आहे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातील माजी सैनिकांच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ उद्भवून ३४ जण दगावले. त्यामागील लिजिओनेला हा जिवाणू पुढील वर्षी ओळखला गेला. तो कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांवाटे पसरतो. घरगुती स्प्लिट यंत्रातून त्याची भीती सहसा नसते, टॉवरचे पाणी मात्र नियमित तपासले गेलेच पाहिजे.

बाहेरची हवा केव्हा घ्यावी

खिडकी उघडावी तर धूर व दर्प, बंद ठेवावी तर उच्छ्वासाचीच हवा, अशी ही कोंडी आहे. घरापुरता व्यवहार्य उपाय म्हणजे झोपण्यापूर्वी आणि पहाटे, बाहेर दर्प नसताना, पंधरा मिनिटे समोरासमोरील खिडक्या उघडणे आणि रात्री शयनगृहाचे दार आतल्या खोलीकडे किलकिले ठेवणे. हवा शुद्ध करणारे स्वतंत्र यंत्र सूक्ष्म कण कमी करते. वायूंवर ते चालते ते त्यातील सक्रिय कोळशाचा थर संपृक्त होईपर्यंतच.

रासायनिक वायुगळतीच्या वेळी मात्र सारे नियम उलटे होतात. २०१४ च्या अखेरीस वालधुनीत सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. जून २०२१ मध्ये बदलापुरात व सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथमध्ये कारखान्यांतील वायू रात्री वस्तीत पसरला. अशा प्रसंगी घरात राहण्याची सूचना असल्यास दारे-खिडक्या बंद करून एक्झॉस्ट पंखा थांबवावा. खिडकीत बसविलेल्या यंत्राला ताज्या हवेचा खटका असतो, तो बंद करून यंत्रच थांबवावे. केंद्रीय यंत्रणा असलेल्या इमारतीत ताजी हवा घेणारा झडपेचा मार्ग, म्हणजे फ्रेश एअर डँपर, सर्वप्रथम मिटवावा लागतो. अन्यथा एरवी जी व्यवस्था श्रोत्यांना शुद्ध हवा पुरवते, तीच बाहेरील विषारी वायू दोनशे जणांच्या सभागृहात काही मिनिटांत आणून सोडते. हा डँपर बहुधा गच्चीवरील कुलूपबंद खोलीत असतो आणि त्याची किल्ली वार्षिक देखभालीचा करार घेतलेल्या ठेकेदाराच्या माणसाकडे असते. तिची एक प्रत रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाकडे द्यावी, डँपर कोणत्या बाजूला फिरवावा हे त्याच्याकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्यावे आणि परीक्षेच्या काळात, जेव्हा सर्व वर्ग भरलेले असतात, तेव्हा ही जबाबदारी कोणाकडे आहे ते केंद्रप्रमुखांनी लेखी नोंदवून ठेवावे.