मोटारींतील लहान पडदा आणि त्याची वीज

घरांत नवी वस्तु आली म्हणजे ती कितीस पडली याची चौकशी शेजारीपाजारीहि करतात. ती कोणीं आणि कशी बसविली, हा प्रश्न मात्र घरचीं माणसेंहि विचारीत नाहींत. तो न विचारल्याचें फळ आमच्या कुटुंबास गेल्या माघ महिन्यांत चाखावें लागलें. सुदैवानें तें थोडक्यांत निभावलें. तथापि ज्यांच्या मोटारींत एखादा लहान पडदा बसविण्याचें घाटत आहे, अशा वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून ती हकीकत आणि तिच्यापासून मिळालेला बोध येथें देत आहें.

चाकण-तळेगांव रस्त्यावरील महाळुंगे येथें आमचें बिऱ्हाड आहे. महाळुंग म्हणजे संस्कृतांतील मातुलुंग, लिंबाच्या जातीचें एक मोठें फळ. गांवाचें नांव फळाची आठवण देणारें असलें, तरी त्याची आजची ख्याति यंत्रांची आहे. १९९९ सालीं बजाज ऑटोचा कारखाना येथें उभा राहिला. २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना चाकणच्या औद्योगिक वसाहतींत सुरू झाला. आणि जेथें पूर्वी बैलगाड्या चालत, तेथें आतां रात्रंदिवस मालमोटारींची रांग असते. आमचे चिरंजीव येथील एका कारखान्यांत नोकरीस आहेत.

दोन वर्षांमागें त्यांनीं एक वापरलेली मोटार घेतली. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या नव्या मोटारींत, गाडी मागें घेतांना अडथळ्याची सूचना देणारी योजना सक्तीची झाली आहे. आमची गाडी त्यापूर्वींची. गल्लींत मुलें सदैव खेळत असतात, त्यांत आमची पांच वर्षांची नातहि असते. म्हणून सूनबाईंनीं आग्रह धरला कीं, मागें कॅमेरा आणि पुढें लहानसा पडदा बसवून घ्यावा. रस्त्याकांठच्या एका दुकानांत अर्ध्या तासांत काम झालें. मी तेथेंच बसलों होतों. कारागिराच्या हाताची चपळाई पाहून मीं त्याची तोंडभर स्तुति केली, हें येथें कबूल केलें पाहिजे.

पुढें तीन आठवड्यांनीं एका रविवारीं आम्ही सर्वजण तुकोबांच्या भंडारा डोंगरावर दर्शनास गेलों होतों. परततांना, डोंगर उतरून हमरस्त्यास लागतों न लागतों तों जळक्या रबराचा उग्र वास आला आणि सूनबाईंच्या पायांपाशीं धूर दिसूं लागला. चिरंजीवांनीं गाडी कडेस घेऊन पडदा बंद केला; धूर थांबेना. किल्ली काढून घेतली, तरीहि थांबेना! नातीस घेऊन आम्ही खालीं उतरलों. मागून येणाऱ्या एका तरुण कामगारानें आपली दुचाकी थांबविली, बॉनेट उघडविलें, आणि दहा नंबरच्या पान्यानें बॅटरीची ऋण बाजू सोडविली. तेव्हां कोठें धूर बंद झाला. तळहाताएवढी सतरंजी जळाली होती. तिच्या वर आमच्या नातीचें दप्तर होतें.

किल्ली काढली तरी तार कां जळत राहिली?

दुसऱ्या दिवशीं चाकणच्या एका जाणत्या इलेक्ट्रिशियननें गाडी उघडून कारण दाखविलें. दुकानदारानें पडद्याची तार थेट बॅटरीच्या धन टोंकास जोडली होती. मध्यें फ्यूज नव्हता. इंजिन आणि बैठक यांच्यामधील पत्र्यास भोक पाडून तार आंत घेतली होती, पण भोकास रबरी ग्रॉमेट बसविलें नव्हतें. इंजिनाच्या थरथरीनें पत्र्याच्या धारेवर तारेचें वेष्टन घासलें, आंतलें तांबें उघडें पडलें आणि गाडीच्या अंगास टेकलें.

येथें एक गोष्ट समजून घेणें अवश्य आहे. घरांत विजेस जाण्यायेण्यास दोन तारा लागतात. मोटारींत परतीची तार म्हणजे गाडीचें लोखंडी अंगच होय, कारण बॅटरीची ऋण बाजू त्यास जोडलेली असते. म्हणून धन बाजूची उघडी तार पत्र्यास लागली कीं मंडल तेथल्या तेथें पूर्ण होतें. त्यास पडदा चालू असण्याची गरज नाहीं आणि किल्लीचीहि नाहीं.

मीं इलेक्ट्रिशियनला शंका विचारिली कीं, एवढ्याशा पडद्यास एवढी वीज लागते काय? तो हंसून म्हणाला, “गुरुजी, पडदा आपल्यापुरतीच घेतो हो. तारेला कोण अडवणार?” त्याच्या या वाक्यांत सारें शास्त्र आलें. आमच्या पडद्यास सुमारें पांच वॅट पुरतात. बारा व्होल्टांवर हा प्रवाह अर्ध्या अँपिअरहूनहि कमी होतो. परंतु तीच बॅटरी इंजिन सुरू करतांना शेंकडों अँपिअर देते, आणि तार पत्र्यास चिकटली कीं तितकाच प्रवाह त्या सुतासारख्या तारेंत लोटूं पाहते. पडदा लहान असला तरी बॅटरी लहान नसते. फ्यूज असतो तो पडद्याच्या रक्षणासाठीं नव्हे, तारेच्या रक्षणासाठीं. म्हणून तो वीज जेथून घेतली त्या उगमापाशींच असला पाहिजे. पडद्याजवळ फ्यूज बसविला, तर उगमापासून तेथपर्यंतची सगळी तार अरक्षितच राहते.

वीज कोठून घ्यावी?

मोटारीच्या किल्लीस बहुधा चार स्थानें असतात: लॉक, ॲक्सेसरी, ऑन आणि स्टार्ट. बॅटरीस थेट जोडलेली वस्तु चारहि स्थानांत जिवंत राहते. ॲक्सेसरीस जोडलेली वस्तु किल्ली काढतांच निजते. हा भेद किती महत्त्वाचा आहे तें थोड्या गणितानें कळेल. लहान मोटारीची बॅटरी सुमारें ३५ अँपिअर-तासांची असते. ०·४ अँपिअर घेणारा पडदा शुक्रवारीं संध्याकाळीं सात वाजतां चालू राहिला, तर सोमवारीं सकाळीं सातपर्यंत ६० तास होतात आणि २४ अँपिअर-तास खर्च होतात. उरलेल्या अकरांवर सोमवारीं इंजिन सुरू होण्याची आशा करूं नये.

म्हणून लहान पडद्याची जोडणी फ्यूज-पेटींतील अशा मंडलावर करावी, कीं जें किल्लीबरोबर सुरू व बंद होतें. रेडिओचें किंवा बारा व्होल्टांच्या सॉकेटचें मंडल यास योग्य. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिनचा संगणक यांच्या मंडलांस हात लावूं नये. कोणतें मंडल केव्हां जिवंत असतें, हें तर्कानें न ठरवितां मल्टिमीटरनें पाहावें. मूळ तार कापण्याचेंहि कारण नाहीं. फ्यूज टॅप नांवाचें स्वस्त साधन मिळतें. तें मूळ फ्यूजच्या जागीं बसतें आणि त्यांत जुना फ्यूज व नव्या तारेचा फ्यूज असे दोन्हीं राहतात. पडद्याच्या तारेस दोन अँपिअरचा, म्हणजे करड्या रंगाचा, फ्यूज पुरतो. तो न मिळाल्यास तीनचा जांभळा चालेल. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा घालणें हें रोग तसाच ठेवून वैद्यास घरीं धाडण्यासारखें आहे.

काळी तार, जीस कारागीर अर्थ म्हणतात, ती रंग खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर बोल्टखालीं लग लावून घट्ट आवळावी. ती सैल असली तर पडदा लुकलुकतो आणि दोष मात्र पडद्यावर येतो. ज्यांच्या संग्रहीं १९६० पूर्वींची एखादी विलायती मोटार असेल, त्यांनीं अधिक सावध असावें. तशा कित्येक गाड्यांत बॅटरीची धन बाजू अंगास जोडलेली असे. आजचा पडदा तेथें नेहमींच्या रीतीनें जोडल्यास तो उलटा जोडला जाऊन बिघडेल.

तारेचा मार्गहि विचारपूर्वक ठरवावा. पत्र्यांतून जाणाऱ्या प्रत्येक भोकास ग्रॉमेट हवें. पुढच्या कांचेच्या बाजूच्या खांबांत कित्येक गाड्यांना पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते; तिच्यापुढून तार नेल्यास ती प्रसंगीं नीट उघडणार नाहीं. पिवळ्या वेष्टनाच्या तारा बहुधा एअरबॅगच्याच असतात, त्यांस स्पर्शहि करूं नये. तारा एकमेकींस पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत सोडून द्यावी. वैशाखांत बंद गाडींत ती पट्टी सुटते.

ज्यांस हा सारा खटाटोप नको असेल, त्यांनीं बारा व्होल्टांच्या सॉकेटमध्यें प्लग घालून पडदा चालवावा. तार लोंबते खरी. पण गाडी सोडतांना प्लग हातानें काढतां येतो. मात्र सॉकेटचा फ्यूज मोठा असल्यानें, ज्याच्या आंत स्वतःचा लहान फ्यूज आहे असाच प्लग घ्यावा.

आतां आमच्या घरीं

आमची तार नव्यानें टाकून झाली. फ्यूज, टॅप, ग्रॉमेट, लग मिळून जो खर्च आला, तो त्या रविवारीं आम्हीं केलेल्या फराळाच्या खर्चाहून कमी होता. पहिल्या दुकानदारावर मी रागावलों होतों. तो राग पुढें ओसरला. अर्ध्या तासांत काम व्हावें ही आमचीच मागणी होती. फ्यूज कोठें बसविला, किल्ली काढल्यावर पडदा बंद होतो काय, तार पत्र्यांतून कशी नेली, अर्थ कोठें घेतला, हे चार प्रश्न मला त्या दिवशीं विचारतां आले असते. जन्मभर मुलांना ‘शंका विचारा’ म्हणून सांगणारा मी तेथें मुकाट्यानें बसलों आणि घाईलाच कौशल्य समजलों.

पडदा आतां उत्तम चालतो. तरीहि गाडी मागें घेण्यापूर्वीं चिरंजीव खालीं उतरून एकदां मागें पाहून येतात आणि सूनबाई नातीचा हात धरून ओट्यावर उभ्या राहतात. कॅमेऱ्यास सर्व बाजू दिसत नाहींत. ज्या लेंकराच्या रक्षणासाठीं पडदा घेतला, त्याचें रक्षण केवळ पडद्यावर सोपवूं नये. वाचकांनीं एवढें ध्यानीं धरून कारागिरास ते चार प्रश्न विचारले, तर या लेखाचें सार्थक झालें असें मी समजेन.