पोटरीचा पंप आणि न भरणारी जखम
पाम, कोलवडे, कुंभवली या तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांत पाळीभर यंत्रापुढे उभं राहून काम करणारे पुष्कळ. अशा कामात काहींच्या पायांच्या शिरा फुगतात, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते आणि साधं खरचटलेलंही महिनोन्‌महिने चिघळतं. मलमं बदलून बदलून माणूस टेकीला येतो.

दोष बहुधा शिरांच्या झडपांत असतो. रक्त हृदयाकडे ढकलणारा खरा पंप म्हणजे पोटरीचा स्नायू. घोटा आखडला की तोही थंडावतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट आधी घोटा मोकळा करतात. खुर्चीला धरून टाचा उचलायच्या, पाऊल वर-खाली हलवायचं, रोज चालायचं. सोबत दाबपट्टी: बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, घोट्याशी घट्ट, वर सैलसर. घोट्याशी दाब साधारण 40 मिलिमीटर पारा.

त्याआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहायलाच हवा. घोट्याचा दाब दंडाच्या निम्म्याहून कमी असेल, तर धमनी फारच अरुंद झालेली असते. तिथे घट्ट पट्टी पायावरच बेतू शकते.

मधुमेहींच्या तळपायाच्या जखमेला मात्र चालणं घातक. तिथे भार काढावा लागतो.

शिरांच्या दोषामुळे झालेली जखम भरल्यावरही दाबमोजे सोडायचे नसतात, नाहीतर ती पुन्हा उघडण्याचा धोका मोठा.