मोटरहोम घ्यायचंय? आधी वजनकाटा गाठा

‘जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, सीटा काढून पलंग ठोकायचा, झालं मोटरहोम.’ वर्षभर भटकायचं ठरवलेल्या मंडळींत हे हमखास ऐकू येतं. सुताराच्या लेखी ते खरं आहे, आरटीओच्या लेखी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. मग पाटीवर धाराशिवचा एमएच-२५ असो की आणखी काही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. बसायला आसनं आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची जागा, सामानाची कपाटं, हे सगळं त्यात गाडीला पक्कं बसवलेलं लागतं. टेबल तेवढं काढता येणारं चालतं. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. तेव्हा गादी दाबून बघण्याआधी विक्रेत्याकडे मान्यतेचे कागद मागा. न कळवलेल्या बदलांवर विम्याचा दावाही अडकू शकतो.

लायसन्सची धास्ती मात्र बहुतेकांना उगीच असते. एकूण वजन ७,५०० किलोच्या आतली गाडी हलक्या वाहनात मोडते, आणि बहुतेक व्हॅन त्याच्या बऱ्याच खाली असतात.

खरी फसगत वजनात होते. ‘एवढी मोठी गाडी, तिला काय भार होतोय?’ गाडीला परवानगी असलेल्या एकूण वजनातून सजवून तयार झालेल्या गाडीचं वजन वजा करा. उरेल तेवढंच तुमचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो गेले. चार माणसांचे अडीचशेच्या आसपास. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोचा. बॅटऱ्या, फ्रिज, प्लायवूडची कपाटं तर आधीच बसलेली. भार वाढला की ब्रेक उशिरा लागतो आणि टायर तापतात. धाराशिवसारख्या उसाच्या पट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. सौदा पक्का करण्याआधी गाडी एकदा काट्यावर चढवाच.

‘छतावर सोलर आहे, एसी रात्रभर चालेल.’ हा दावा मराठवाड्याच्या मे महिन्यात विकला जातो तेव्हा हसू येतं. २०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीत जेमतेम २.४ युनिट वीज मावते, आणि साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरावी. छतावरचं ४०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देतं. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. म्हणजे पंखा, दिवे, मोबाईल यांना सोलर उत्तम. एसीला मात्र मुक्कामी वीजजोडणीच हवी. गॅसबाबत एवढंच, की एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो, म्हणून हवा जाण्याची जाळी जमिनीलगतही हवी, नुसती वर नव्हे.

‘मोठी गाडी म्हणजे जास्त आराम’ हे उभ्या गाडीपुरतं खरं. धाराशिव जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर बैलगाडीत संसार भरून कित्येक महिन्यांसाठी बाहेर पडतात. ती पोटासाठीची वणवण. तिला पर्यटनाच्या पंगतीला बसवू नये. पण कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी राहिली की गाडी मोकळी होते. मोटरहोमचं उलटं आहे: भाजी आणायलाही घर हलवावं लागतं. तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला किंवा परंड्याचा किल्ला बघायला गावातून जायचं, तर आखूड व्हॅन बरी. मागे स्कूटर अडकवायची म्हणाल, तर तिचं वजनही वरच्या हिशोबात धरा.

‘कुठेही उभी करा, कुठेही झोपा.’ महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण त्याने रस्त्याची कड मुक्कामाची झाली नाही. लॉजच्या किंवा ढाब्याच्या मालकाला विचारून, पैसे देऊन थांबावं. उन्हाळ्यात जिथे गावाला टँकर लागतो तिथे टाकी फुकट भरून मागू नये, आणि कॅसेट टॉयलेट ओढ्यात तर मुळीच रिकामं करू नये. ते दोघांना दोन-तीन दिवस पुरतं. पुढचं शौचालय कुठे आहे हे आधीच ठरवलेलं बरं. तुळजापूरला निघालात तर तिथीही बघा. कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी येणाऱ्या भाविकांसाठी वाहनांना बंद करतात, आणि त्यातून मोटरहोम सुटत नाही.