तुमची झोप किती तासांची?

आज झोपेवर बोलू या. झोपेवर काय बोलायचं, पाठ टेकली की डोळा लागतो, असं तुमच्यातली कुणीतरी म्हणणारच. डोळा लगेच लागतो हे खरं आहे. पण पाठ टेकते किती वाजता?

बचत गटाच्या बायका आपण, तेव्हा आधी हिशेब मांडू. रात्रीची जेवणं, भांडी, विरजण, उद्याची भाजी निवडून ठेवणं आणि गोठ्यात एक चक्कर. आडवं व्हायला अकरा वाजतात. पहाटे साडेचारला नळाला पाणी येतं, नाहीतर धारा काढायच्या असतात. अकरा ते साडेचार म्हणजे साडेपाच तास झाले. मोठ्या माणसाला रात्री निदान 7 तास झोप हवी. म्हणजे रोज दीड तास कमी, आणि आठवड्याला साडेदहा तास. आठवड्यातल्या सात रात्रींपैकी एक अख्खी रात्र तुम्ही झोपलाच नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. तीनला उठून भाकऱ्या, दिवसभर फड, आणि गाडी भरायला रात्रीच हाक आली तर तेवढीही झोप नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं, "आम्हाला सवय आहे." ही सवय फसवी आहे. 2003 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. धडधाकट माणसांना दोन आठवडे रोज सहा तासच किंवा त्याहून कमी झोपू दिलं आणि रोज त्यांचं लक्ष, आठवण, हाताचा चटपटीतपणा तपासला. दिवसागणिक चुका वाढतच गेल्या. शेवटी त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. आणि त्यांना विचारलं तर ती म्हणत होती, फार काही झोप येत नाहीये, ठीक आहे. झोप कमी पडते तेव्हा ती कमी पडतेय हे कळायची ताकदही कमी होते.

दुसरी गोष्ट ऐका. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि डोकं किती चालतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजलं. रक्तात 100 मिलीलीटरला 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकं चालतं, असं दिसलं. आपल्याकडे 30 मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली तर गाडी चालवणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. आता बघा, पहाटे चारला उठलेल्या बाईचे 17 तास रात्री नऊला भरतात. नऊ वाजता ती कुठे असते? चुलीपुढे, उकळत्या दुधापाशी, विळीवर. घोटभर न घेता तिचे हात त्या अवस्थेत असतात. सकाळी कडबा कुट्टीत वैरण सरकवताना बोट जातं, तेव्हा घरचे म्हणतात, "लक्ष कुठं होतं?" लक्ष कमी झोपेनं खाल्लेलं असतं.

झोप म्हणजे शरीर बंद पडणं नाही. साधारण दीड-दीड तासाचे फेरे होत असतात. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त असते. अंगाची झीज तेव्हा भरून निघते, पोरांची वाढ करणारा रसही मुख्यतः तेव्हाच सुटतो. पहाटेच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप जास्त असते. मनाला शांत करायला आणि दिवसभरात शिकलेलं डोक्यात बसवायला तिची मदत होते. आपल्या बायकांची नेमकी हीच पहाटेची झोप कापली जाते. मग दिवसभर चिडचिड, पोरांवर ओरडणं, गटाच्या वहीत बेरीज चुकणं. स्वभाव बिघडला असं म्हणण्याआधी घड्याळ बघा.

रात्री झोपेत रक्तदाबही खाली येतो. हृदयाला तेवढाच विसावा. महिनोन्‌महिने झोप तोकडी पडली की रक्तदाब चढा राहण्याचा धोका वाढतो. साखरेचंही तसंच. अपुऱ्या झोपेनं शरीर साखर नीट वापरत नाही आणि भूकही जास्त लागते. गोळ्या वेळेवर घेते, तरी साखर खाली येत नाही, असं म्हणणाऱ्या ताईंनी झोपेचे तासही डॉक्टरांना सांगावेत.

आता हे तास जातात कुठे? 2024 साली सरकारने देशभर वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे 289 मिनिटं घरकामात जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे 88. बाईचे पावणेपाच तासांच्या वर, पुरुषाचा जेमतेम दीड तास. शेतातलं काम यात धरलेलंच नाही. म्हणून "लवकर झोपत जा" असा सल्ला मी देणार नाही. भांडी कोण घासणार, हे ठरल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. घरात बसून एवढंच ठरवा, रात्रीचं आवरणं आणि पहाटेचं पाणी ही दोन्ही कामं एकाच बाईकडे नकोत. एक काम पोरगा करील, एक नवरा करील. शेतीच्या विजेची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात तो मोटर लावायला जातो आणि चहा करायला तुम्ही उठता. चहा थर्मासमध्ये भरून ठेवा. आणि सासूबाईंनो, रात्री बाळाला पाजणारी सून सकाळी उशिरा उठली तर ती आळशी नाही, ती रात्रपाळी करून आली आहे.

दुपारी वीस मिनिटं पडता आलं तर खुशाल पडा, लाज कसली? मात्र तीनच्या आत आणि घड्याळ लावून, नाहीतर रात्रीची झोप लांबते. चहातली तरतरी पाच-सहा तासांनीही निम्मी शिल्लक असते, म्हणून संध्याकाळनंतरचा कप सोडा. झोपताना मिश्री लावणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्यातली तंबाखू झोप उडवते, तोंडाच्या कॅन्सरचं भय वेगळंच. मोबाईलवरच्या मालिकेचं तुम्हीच बघा. एकच भाग म्हणत तीन होतात.

जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी, पावसाळ्यात तर नक्कीच, एक सांगते. मण्यार रात्री फिरते आणि अंथरुणात शिरते. तिच्या दंशाला फारसं दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटतात, बोलता येत नाही. शक्यतो खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. अशी लक्षणं दिसली तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मिळते.

वेळ मिळूनही झोप येत नसेल तर कारण शोधायला हवं. रात्री पायात वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर रक्तातलं लोह कमी असू शकतं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. पाळी जायच्या वयात अंगातून वाफा येऊन मध्यरात्री जाग येते, त्यावरही उपाय आहेत, दवाखान्यात सांगा. कुणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास थांबून दचकून उठत असेल आणि दिवसा बसल्या जागी पेंगत असेल, तर तो आजार आहे. तुम्ही असा की नवरा, तपासणी करा. झोपेच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणू नका, शेजारणीच्या उरलेल्या तर मुळीच नको. त्यांची सवय लागते आणि म्हाताऱ्या माणसांचा रात्री उठताना तोल जातो. आधी आशाताईंशी बोला, त्या आरोग्य केंद्रात कुणाला दाखवायचं ते सांगतील.