खाली उतरणारा याजक : यरीहोची वाट आणि शुभवर्तमानाचा अर्थ

सामान्य काळातील पंधराव्या रविवारी, ‘क’ वर्षात, म्हणजे तीन वर्षांतून एकदा, संत लूकलिखित शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला मिस्सामध्ये वाचला जातो. २०२५ च्या जुलै महिन्यात तो वाचला गेला. यानंतर तो २०२८ साली येईल. या दाखल्यावरील प्रवचनांतून एक स्पष्टीकरण आपल्या कानांवर वारंवार पडते. वाटेवर अर्धमेल्या अवस्थेत पडलेल्या माणसाला टाळून याजक पुढे का गेला? तर म्हणे तो मंदिरात सेवेसाठी निघाला होता. माणूस मेलेला निघाला असता तर स्पर्शाने याजक अशुद्ध झाला असता, सात दिवस त्याला वेदीजवळ जाता आले नसते, आणि ठरलेली उपासना चुकली असती. बिचारा धर्मनियमाच्या कात्रीत सापडला होता!

हे स्पष्टीकरण आता इतके रुळले आहे की ते मूळ वचनातच आहे असे अनेकांना वाटते. आम्हा धर्मगुरूंना ते थोडे सोयीचेही वाटत असावे. परंतु संत लूकने एकच क्रियापद असे वापरले आहे की त्यापुढे हा बचाव टिकत नाही. हा याजक त्या वाटेने ‘खाली उतरत’ होता.

शुभवर्तमानातील ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. आपणही घाटावर चढतो आणि कोकणात उतरतो. ‘तो खाली गेला’ एवढे म्हटले तरी कोठून कोठे हे ऐकणाऱ्याला कळते. यरुशलेम नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, डोंगराच्या कण्यावर वसले आहे. यरीहो हे यार्देनच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीच्याही सुमारे अडीचशे मीटर खाली आहे. इतिहासकार योसेफसने या दोन नगरांमधले अंतर १५० स्टेडिया, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे २७ किलोमीटर दिले आहे. एवढ्याशा अंतरात वाट एक हजार मीटर खाली येते. आपल्या बोरघाटाच्या उतरणीच्या ही जवळजवळ दुप्पट झाली. म्हणून यहुदी माणूस यरुशलेमला नेहमी ‘वर’ जात असे आणि तेथून निघाला की ‘खाली’ येत असे. स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही स्तोत्रे आरोहणाची स्तोत्रे म्हणून ओळखली जातात, तीही यात्रेकरूंच्या या चढणीशी जोडली जातात.

तेव्हा खाली उतरणारा याजक मंदिराकडे चालला नव्हता. त्याची पाठ मंदिराकडे होती. याजकांचे चोवीस वर्ग होते व प्रत्येक वर्गाकडे वर्षातून दोनदा, एकेका आठवड्याची सेवा येत असे. ती पाळी संपली की याजक आपापल्या गावी परतत. यरीहोत पुष्कळ याजक राहत असत अशी यहुदी परंपरेत नोंद आहे. स्वतः लूकने पहिल्या अध्यायातच, अबीयाच्या वर्गातील जखऱ्या आपल्या सेवेचे दिवस भरल्यावर घरी गेला असे सांगितले आहे. म्हणजे पाळी आटोपून घरी चाललेला याजक या शुभवर्तमानाच्या वाचकाला आधीच भेटलेला आहे. दाखल्यातला याजकही असाच परतीच्या वाटेवर असावा. त्याची कोणतीही उपासना चुकणार नव्हती.

येथे आम्ही एक खुलासा केला पाहिजे. मृतदेहाविषयीचा नियम केवळ सेवेच्या आठवड्यापुरता नव्हता. लेवीय पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायानुसार जवळचे नातेवाईक वगळता अन्य कोणाच्या प्रेतामुळे याजकाने स्वतःला विटाळू नये, असा सर्वकाळचा दंडक होता. तेव्हा वाटेची दिशा हा नियम पुसून टाकीत नाही. मात्र इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’त एक उद्बोधक चर्चा आहे. महायाजक आणि नाजीर हे दोघे वाटेने जात असता त्यांना बेवारस प्रेत आढळले, तर दोघांपैकी कोणी विटाळ पत्करून त्याला मूठमाती द्यावी, असा तेथे प्रश्न आहे. प्रेत तसेच टाकून दोघांनीही निघून जावे हा पर्याय कोणीच मांडत नाही. बेवारस मृताला पुरणे हे यहुदी धर्मशास्त्राने पवित्र कर्तव्य मानले होते, आणि आपल्या दाखल्यातला माणूस तर अजून जिवंत होता. यहुदी धर्मनियमच माणसाला निर्दय बनवीत होता, असे जे आपल्या प्रवचनांतून कधीकधी सूचित होते, त्याला यामुळे काही आधार उरत नाही. तशी मांडणी आपल्या वडील बंधूंच्या धर्मावर अन्याय करणारी आहे.

मग याजक का थांबला नाही? उत्तर वाटेवरच शोधले पाहिजे.

यरुशलेमच्या पूर्वेला जैतुनाचा डोंगर ओलांडला की भूमीचे रूप पालटते. पश्चिमेकडून येणारे पावसाचे ढग डोंगरमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडचा उतार पर्जन्यछायेत कोरडा राहतो. यरुशलेममध्ये वर्षाला सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर यरीहोत जेमतेम दीडशे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्याचे कारण जे आपण शाळेत शिकलो तेच येथेही लागू आहे, फक्त येथला उजाडपणा कितीतरी अधिक आहे. चुनखडीच्या बोडक्या टेकड्या, त्यांच्यामधून वळणावळणाने उतरणारी वाट, आणि बाजूला वादी केल्टची खोल घळ. पुढच्या वळणावर कोण आहे हे दिसत नाही. यहोशवाच्या पुस्तकात या भागाला अदुम्मीमचा चढ म्हटले आहे. हे नाव मुळात तेथील तांबड्या खडकावरून पडले असावे. पण संत जेरोमने त्याचा संबंध लुटारूंनी सांडलेल्या रक्ताशी जोडला आणि तेथे सैनिकांची चौकी असल्याचेही नमूद केले. पुढे बाराव्या शतकात टेम्पलर संघाने यात्रेकरूंच्या रक्षणासाठी तेथेच गढी बांधली. येशूच्या मुखातून ‘तो लुटारूंच्या हाती सापडला’ हे शब्द निघाले तेव्हा श्रोत्यांपैकी कोणालाही नवल वाटले नसेल.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी, आपल्या हत्येच्या आदल्या दिवशी, मेम्फिस येथे केलेल्या भाषणात या वाटेचा उल्लेख केला होता. पत्नीसह आपण मोटारीने ही वाट उतरलो, आणि ती पाहिल्यावर येशूने दाखल्यासाठी हीच वाट का निवडली हे कळले, असे त्यांनी सांगितले. त्यांचे अनुमान साधे होते : याजक आणि लेवी भ्याले असावेत. लुटारू अजून जवळपास दडलेले असतील, किंवा पडलेला माणूसच सोंग करीत असेल. मी थांबलो तर माझे काय होईल, हा प्रश्न त्यांच्या मनात आधी आला.

आम्हाला हे अनुमान पटते, आणि ते विटाळाच्या अनुमानापेक्षा अधिक अवघडही वाटते. विटाळाचा नियम आज आपल्याला लागू नाही. तेव्हा त्या याजकाकडे आपण दुरून, किंचित कीव करीत पाहू शकतो. भीतीच्या बाबतीत तसे करता येत नाही. रात्रीच्या महामार्गावर अपघात झालेला दिसतो, आणि पोलिसांचा ससेमिरा, कोर्टाच्या फेऱ्या, कोणी आपल्यावरच आळ घेईल ही धास्ती, यांमुळे गाडीचा वेग कमी होत नाही. मदत करणाऱ्यास संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आपल्या देशात बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. इंग्रजीत त्या मदतकर्त्याला ‘गुड समॅरिटन’ असेच नाव दिले आहे. कायदेमंडळाला जी गोष्ट लक्षात आली ती प्रवचनकारांच्या लक्षात यायला हरकत नसावी.

आता शोमरोन्याकडे वळू. लूकची शब्दयोजना येथेही बारकाईने पाहावी. याजक उतरत होता. लेवी तसाच त्या ठिकाणी आला. शोमरोनी मात्र नुसता ‘प्रवास करीत’ आला. तो चढत होता की उतरत होता हे सांगितलेले नाही. त्याचे गाव या वाटेच्या कोणत्याच टोकाला नाही. त्याचा प्रदेश उत्तरेला, गरिज्जीम डोंगराच्या भोवती. येथे यहूदियात तो परक्या, वैरी मुलखात आहे. लुटारूंचे भय याजकाइतकेच त्यालाही होते, आणि शिवाय जखमी यहुद्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेणाऱ्या शोमरोन्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील हा प्रश्न वेगळाच. तरीही तो रात्रभर तेथे राहिला आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, मालकाच्या हाती देऊन परत येण्याचे वचन देऊन गेला.

हे वैर किती खोल होते तेही प्रवासाच्या वाटांवरूनच कळते. यहुदी लोक शोमरोनात पाऊलच टाकीत नसत, सर्वजण यार्देनपलीकडून वळसा घेत, असे आपण ऐकत आलो आहोत. योसेफसचा पुरावा वेगळा आहे. सणाला यरुशलेमला जाणारे गालीली लोक शोमरोनातून जात असत, असे तो लिहितो. लवकर पोहोचायचे असेल तर ही वाट घ्यावीच लागे व तिने तीन दिवसांत यरुशलेम गाठता येई, असेही तो आत्मचरित्रात सांगतो. योहानलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशूला शोमरोनातून जावे ‘लागले’ असे म्हटले आहे. त्या शब्दात दैवी योजनेची सूचना असेलही, पण वाटसरूचा व्यवहारही आहे. वाट वापरात होती; सुरक्षित मात्र नव्हती. कुमानस सुभेदार असताना, इ. स. ५२ च्या सुमारास, सणाला निघालेल्या गालीली यात्रेकरूंवर गिनाए या गावी, म्हणजे आजच्या जेनीनजवळ, हल्ला झाला आणि त्यातून मोठा रक्तपात उसळला. स्वतः येशूच्या वाट्यालाही नकार आला होता. लूकच्या नवव्या अध्यायात शोमरोन्यांच्या एका गावाने त्याला मुक्कामाला जागा नाकारली, आणि कारण वाटेचेच होते : त्याचे मुख यरुशलेमच्या दिशेने होते. याकोब व योहान आकाशातून अग्नी मागायला निघाले. पुढच्याच अध्यायात येशू दाखला सांगतो, आणि त्यात जखमी यहुद्यासाठी रात्रीचा निवारा शोधणारा माणूस म्हणून शोमरोन्याला उभा करतो. ज्यांनी बिछाना नाकारला त्यांच्यापैकीच एकाच्या हातून तो बिछाना देवविला!

एवढे सांगितल्यावर भूगोलाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण नकाशा हाती आला की प्रत्येक वचन त्यावर बसवण्याचा मोह होतो. कार्ल लुडविग श्मिट यांनी १९१९ साली, आणि हान्स कोन्झेलमान यांनी १९५४ साली, शुभवर्तमानांतील प्रवासाची चौकट ही बऱ्याच अंशी लेखकांची रचना आहे असे दाखवून दिले. लूकचा प्रवास नवव्या अध्यायात सुरू होऊन एकोणिसाव्यात संपतो. पण त्या दहा अध्यायांची रोजनिशी कोणी मांडू पाहील तर ती जुळत नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यानंतर लगेच येशू मार्था व मरिया यांच्या घरी येतो. लूक त्या गावाचे नाव देत नाही. योहानावरून ते गाव बेथानी असे आपल्याला ठाऊक आहे, आणि बेथानी तर यरुशलेमपासून पंधरा स्टेडियांवर, तीन किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे येशू जवळजवळ पोहोचलाच! तरीही सतराव्या अध्यायात तो पुन्हा शोमरोन व गालील यांच्या सीमेवर दिसतो. लूकला हे कळत नव्हते असे नाही. त्याला प्रवासाचा कालक्रम लिहायचा नव्हता. यरुशलेमकडे मुख केलेल्या प्रभूच्या मागे चालणे म्हणजे काय, हे त्याला सांगायचे होते. एखादे क्रियापद वाटेच्या चढउताराशी नेमके जुळते तेथे त्याचा आधार घ्यावा. सगळा प्रवास दिवसावार मांडण्याचा खटाटोप करू नये.

मात्र बेथानीचे स्थान ध्यानात ठेवण्यासारखे आहे. यरीहोहून वर चढणाऱ्याला जैतुनाच्या डोंगराआधी लागणारे हे गाव. आज त्याला अल-अझरिया म्हणतात. ते नाव लाजराचे आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात उभारलेल्या काँक्रीटच्या भिंतीने तेथून यरुशलेमात शिरणारा जुना रस्ता अडवला, आणि पूर्वी चालत गाठता येणाऱ्या नगराला आता लांबचा वळसा पडतो. यात्रेकरूंच्या बसगाड्या नव्या महामार्गाने तासाभरात यरीहोला उतरतात. मध्येच उतारशाळेची म्हणून दाखवली जाणारी जागा लागते, तेथे आता मोझेइकचे संग्रहालय आहे. ज्यांना तेथे जाण्याचा योग येईल त्यांनी बसमधून उतरून थोडे मागे, यरुशलेमच्या दिशेने, चढणीकडे तोंड करून उभे राहावे. जखऱ्याची पाळी संपवून येणारे याजक येथूनच उतरत होते, आणि लूकच्या एकोणिसाव्या अध्यायानुसार जक्कयाच्या घरचा पाहुणचार घेऊन निघालेला येशू आपल्या शिष्यांच्या पुढे येथूनच वर चढला.