निवळीची बी आणि खारपाणपट्ट्यातील माती

तामिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरी व अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेले नगर एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होते. पुराच्या दिवसांत नदीचे पाणी गढूळ होते. असे पाणी स्वच्छ करण्यासाठी निवळीची बी मातीच्या भांड्यास आतून घासण्याची पद्धत दक्षिण भारतात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत हीच बी ‘कतक’ या नावाने येते.

गढूळपणा टिकतो तो चिकणमातीमुळे. तिचे कण २ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. त्यांच्यावरील ऋण विद्युतभारामुळे ते परस्परांना दूर लोटतात आणि तळाशी बसत नाहीत. त्यांना एकत्र आणण्याचे दोन मार्ग आहेत. तुरटीतील ॲल्युमिनिअमचा धनभार हे अपकर्षण क्षीण करतो. तर निवळीतील लांब साखळीचे बहुशर्करा रेणू अनेक कणांना एकाच वेळी चिकटून त्यांच्यात पूल बांधतात. कणांचे पुंजके होतात, जड होतात आणि खाली बसतात.

शेतातील मातीची घडणही याच नियमाने ठरते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात सोडिअमचे प्रमाण अधिक आहे. एकच धनभार असलेला सोडिअम चिकणमातीचे कण जवळ धरून ठेवू शकत नाही. पावसाच्या पाण्यात कण सुटे होतात, मातीतील छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर पृष्ठभागावर कठीण पापुद्रा धरतो.

जिप्सममधील कॅल्शिअमवर दोन धनभार असतात. तो सोडिअमची जागा घेऊन कणांचे पुंजके बांधतो. मोकळा झालेला सोडिअम मात्र निचऱ्याच्या पाण्याबरोबर मुळांखाली गेला पाहिजे. निचरा नसेल तर जिप्समचा खर्च वाया जातो. शेणखत व हिरवळीच्या खतावर वाढणारे सूक्ष्मजीव बहुशर्करा तयार करतात. ते जमिनीत जणू निवळीचेच काम करतात.

आपल्या जमिनीची प्राथमिक पारख सोपी आहे. काचेच्या पेल्यात पावसाचे पाणी घेऊन त्यात मातीचे लहान, कोरडे ढेकूळ न ढवळता सोडावे. काही तासांत त्याभोवती दुधट वलय पसरले, तर कण सुटे होत आहेत असे समजावे. विहिरीचे खारे पाणी वापरू नये. त्यातील क्षारांमुळे दोष झाकला जातो. वलय दिसल्यास माती परीक्षण करून घ्यावे व जिप्समची मात्रा अहवालानुसारच ठरवावी.