गेटाच्या आतले अठ्ठेचाळीस तास

जानेवारी २०२५मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचा एक व्हिडिओ मोबाइलवरून फिरला. कर्मचाऱ्यांना रविवारी कामाला लावता येत नाही, याची त्यांना खंत होती. आठवड्याला ९० तास काम व्हावं, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असं त्यांचं म्हणणं. देशभर टीका झाली, विनोद झाले. मुंबईतल्या साकीनाक्याला मात्र ही लांबची बातमी नव्हती. कंपनीचा पवईचा कारखाना साकी विहार रोडवरच आहे. गंमत म्हणजे १९३८ साली मुंबईत ही कंपनी काढली ती हेनिंग हॉल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी. त्यांच्या मायदेशात १९९०पासून सर्वसाधारण आठवडा ३७ तासांचा आहे, आणि तो युनियन व मालकांनी आपसातल्या करारांतून ठरवलेला आहे.

९० आणि ३७ यांच्या मध्ये कुठेतरी आपले ४८ तास बसतात. ते मिळायला मुंबईला साठेक वर्षं लागली.

कामाच्या तासांबाबत १८८१चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरता होता. सात ते बारा वर्षांच्या पोरांना नऊ तासांहून जास्त राबवू नये आणि महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात, असं त्यात होतं. मोठ्यांच्या तासांबद्दल अवाक्षर नाही. १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. मागून मागितलं काय, तर सूर्यास्त! त्यावरून आधी काय चालत असेल याचा अंदाज यावा. एप्रिल १८९०मध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, त्यात दोन कामगार बायकांनी भाषणं केली. १० जूनला गिरणी मालक संघाने रविवार मान्य केला. आठवड्याच्या सुट्टीचा कायदा त्यानंतर, १८९१ साली आला. लोखंडे १८९७च्या प्लेगमध्ये गेले. टपाल खात्याला त्यांचं तिकीट काढायला २००५ साल उजाडलं.

सूर्यास्ताची मर्यादाही फार टिकली नाही. १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. कामगार खवळले, चौकशीसाठी आयोग नेमले गेले, आणि १९११ साली कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. १९१९मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने जगासाठी ४८ तास ठरवले, पण हिंदुस्थानसाठी त्याच ठरावात वेगळं कलम घालून ६० तास. म्हणून १९२२ला ६०, १९३४ला ५४, आणि १९४६मध्ये डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना ४८. १९४८च्या कायद्याने तो आकडा कायम केला.

त्यानंतर जग पुढे सरकत गेलं. फ्रान्स २०००च्या आसपास ३५ तासांवर आला. दक्षिण कोरियाने २०१८मध्ये ६८ची कमाल मर्यादा ५२वर आणली. २०२३मध्ये सरकारने ती ६९ करायचं काढलं, तर तरुणांनी असा आवाज केला की माघार घ्यावी लागली. दुबईतल्या मराठी कुटुंबांनी तर सुट्टीचे वारच बदलताना पाहिले: २००६ला शुक्रवार-शनिवार, २०२२पासून शनिवार-रविवार. आपल्याकडे पाच दिवसांचा आठवडा मंत्रालयात पोचला २९ फेब्रुवारी २०२०ला.

पण ४८ तास पाळले जायला हजेरीपट, तपासायला येणारा निरीक्षक आणि नडणारी युनियन लागते, म्हणजे थोडक्यात गेट लागतं. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत मुंबईतलं गेटाच्या आतलं काम आटत गेलं. जे उरलं, वाढलं, ते गाळ्यांत. साकी विहार रोडवरून खैरानी रोडला वळलं की तो संसार लागतो: शिलाई, जरी, प्लास्टिक मोल्डिंग, फॅब्रिकेशन, फरसाण. इथे पुष्कळ ठिकाणी हिशेब तासांवर नाही, पीसवर. ऑर्डर आली की नाइट मारायची, नसली की बसून राहायचं. कारागीर गाळ्यातच माळ्यावर झोपतो, तेव्हा कामावर जाणं आणि कामावरून येणं हा प्रकारच उरत नाही. (नोकरदाराचं उलटं. २०१४ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली तेव्हा त्याचा प्रवासातला वेळ रोज वाचू लागला. कायद्याने प्रवास कधी मोजलाच नव्हता.)

१८ डिसेंबर २०१७च्या पहाटे खैरानी रोडवरच्या एका फरसाणाच्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले बारा कामगार गेले. दुसऱ्याच दिवशी राज्यात नवा दुकाने व आस्थापना कायदा अमलात आला. त्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास आणि एक सुट्टी, सगळं नीट लिहिलेलं होतं. दोन्ही तारखा शेजारी पडणं हा योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तसेच, जास्तीच्या तासांना दुप्पट मोबदला, पण तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५वरून १४४ तास. चर्चा या बाराचीच झाली. साकीनाक्याच्या दृष्टीने मला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. १९४८च्या कायद्यात विजेवर यंत्र चालत असेल तर १० कामगार असले की कारखाना ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या केंद्राच्या कामगार संहितेत त्यासाठी २० लागतात, आणि राज्याच्या दुकाने कायद्याची मर्यादाही सप्टेंबरच्या त्याच बैठकीत १०वरून २०वर नेण्याचं ठरलं. खैरानी रोडवरचा पंधरा जणांचा गाळा या हिशेबात कारखाना नाही.